कोर नायकण

मी फितूर आहे असं माझ्या सासरी ठरलं तेव्हा मी भाकरी थापत होते, आणि ठरलेलं मला कोणी सांगितलंही नाही. फितुरी तरी कशाची, तर कॉम्प्युटरवरच्या अंतराळातल्या जहाजांची. हसा खुशाल, मीही आधी हसलेच होते. पण त्या जहाजांपायी धाकट्या दिराच्या सगाईला मला घरी ठेवायचं चाललं, तेव्हा माझं हसू पार आटलं.

माझं माहेर यवतमाळचं. वडील कचेरीत कारकून, आईचं बोलणं पुस्तकी, घरात चप्पल कुठं काढायची याचेसुद्धा नियम. लग्न मी केलं आर्णीजवळच्या एका तांड्यावरच्या मुलाशी. कॉलेजात एका बाकावर बसून आम्ही एकमेकांच्या वह्या उतरवल्या आणि पुढं जे व्हायचं ते झालं. तो आता आश्रमशाळेत शिकवतो. बंजारा लोक स्वतःला गोर म्हणतात आणि उरलेल्या सगळ्यांना कोर. ती शिवी नाही, नुसतं आपलं आणि परकं एवढंच. मी कोर. दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडत का होईना, लग्न लावून दिलं.

पहिली काही वर्षं मी खोलीत पाय ठेवला की सासूबाई आणि शेजारच्या बाया मराठी सोडून गोर बोलीत शिरायच्या. माझा स्वभाव असा आहे की माझ्यासमोर मला न कळणारं कोणी बोललं की माझं डोकं सणकतं. म्हटलं, थांबा, बघतेच तुम्हाला. कापूस वेचायला जाताना, तूर पाखडताना, सासूबाईंच्या मागं मागं फिरून मी एकेक शब्द उचलला. घरात त्यांना सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही याडीच म्हणायला लागले. एक दिवस त्या शेजारणीपाशी माझ्या वरणाला नावं ठेवत होत्या, तर मी गोर बोलीतच म्हटलं, मग उद्या तुम्हीच करा. शेजारीण पोट धरून हसली. याडी हसल्या नाहीत. त्यांच्या पेटीचं कुलूप मी परस्पर उघडलं असावं, तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

आता खेळाचं सांगते. धाकट्या दिराचं आर्णीत दुकान आहे. सातबारा, ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स, सगळं. रविवारी दुकान बंद, त्यामुळं दुपारी जेवणं झाली की घरातली पुढची खोली त्याची. हा खेळ त्याला दाखवला माझ्या पुण्याच्या भावानं, दिवाळीत भाऊबिजेला आला तेव्हा. दिराला त्यानं वेड लावलं, दिरानं माझ्या नवऱ्याला, आणि उमरखेडकडचे दोन चुलत दीर आपापल्या घरून ऑनलाइन येऊन मिळाले. पाचवा माणूस मिळेना म्हणून मला बसवलं. लोक मिळाले नाहीत की वहिनी आठवतेच.

खेळ सोपा आहे. दोन ताफे. एका ताफ्यानं मालाची जहाजं एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर न्यायची, दुसऱ्यानं ती वाटेत फोडायची, मग पाळी बदलायची. प्रत्येक ताफ्यात पाच जण. त्यातला एक जण लढत नाही, नुसता सगळ्यांना हुकूम देतो. आणि एक नियम फार दुष्ट आहे: लढाईच्या टापूत शिरलं की तुम्ही बोललेलं शत्रूलाही ऐकू जातं. गुपचूप बोलायची सोयच नाही. म्हणून शहाणे लोक बेत आधी ठरवून येतात आणि टापूत तोंड उघडत नाहीत.

आम्ही सुरुवातीला हरलो म्हणजे सपाटून हरलो. एका रविवारी याडी सूप घेऊन खोलीतून चालल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? दीर म्हणाला, माल नेऊन राह्यलो. याडी थोडा वेळ पडद्याकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माल असा नेतात काय? मग त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं. पूर्वी तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, त्याला लदेणी म्हणत. लादलेले बैल मधे. पुढं एक जुना, वाट माहीत असलेला बैल. मागं कुत्री. आणि तांड्याचा नायक कधी पुढं चालायचा नाही. तो कडेनं चालायचा, जिथून दोन्ही टोकं दिसतात तिथून.

पुरुष हो हो म्हणाले आणि विसरले. मी विसरले नाही. पुढच्या रविवारी मी म्हटलं, आज हुकूम मी देते, पटत नसेल तर तुम्ही खेळा, मी चालले भांडी घासायला. पाचवा कुठून आणतील? मला हुकूम द्यायला बसवलं. मालाची जहाजं मी मधे घेतली, माझं जहाज कडेला ठेवलं, आणि आम्ही जिंकलो. मग जिंकतच गेलो. चुलत दीर मला नायकण म्हणायला लागले, आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

गोर बोलीत हुकूम द्यायची कल्पना दिराची. "आपली बोली त्याईले काय घंटा समजते, वयनी? बोला बिनधास्त." खरंच की. शत्रू सगळे हैदराबादचे, पुण्याचे, कुठले कुठले. टापूत सगळे ताफे मुके, आम्ही एकटे बोलणारे. मी डावो म्हटलं की चौघं डावीकडं, मी पाछ म्हटलं की चौघं मागं. काय मजा होती म्हणून सांगू. माहेरी मला कोणी कधी मोठ्यानं बोलू दिलं नव्हतं, आणि इथं मी खुर्चीत बसून जहाजांवर ओरडत होते.

मग थंडीत तो लाल ताफा आला. त्यांची जहाजं लाल रंगवलेली, म्हणून आम्ही लाल म्हणायचो. साधारण दर रविवारी आमची गाठ त्यांच्याशीच पडायची. आम्ही डावीकडं वळलो की ते डावीकडं आधीच उभे. आम्ही मागं फिरलो की मागं. पहिल्यांदा म्हटलं नशीब, नंतर म्हटलं चांगले खेळतात. पण एकदा मी भलत्याच जागेतून, कोणी जात नाही अशा दगडधोंड्यांतून ताफा काढला, आणि पलीकडं लाल जहाजं वाट बघत उभी. दिरानं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"आपल्यातलंच कोणीतरी फुटलं," तो म्हणाला. "कुऱ्हाडीचा दांडा गोताले काळ."

त्या दिवसापासून घरात संशय शिरला. मी खोटं कशाला सांगू, मीही संशय घेतला. माझा संशय मोठ्या चुलत दिरावर. बाईच्या हुकमात राहायला लागतं म्हणून तो आतून जळतो हे मला दिसत होतं. नवऱ्याचा संशय इंटरनेटवर. त्याला माणसांवर संशय घ्यायचा कंटाळा. आणि दिराचा संशय माझ्यावर. त्याच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच होतं. खेळ आणला माझ्या भावानं. भाऊ पुण्यात, तोही खेळतो. रविवारी सकाळी मी माहेरी फोन लावते आणि मागच्या अंगणात जाऊन बोलते. लाल ताफ्यात माझा भाऊ नसेल कशावरून? आणि पाच जणांत कोर कोण, तर एकटी मी.

मला हे कोणी सांगितलं नाही, पण माझे कान शाबूत आहेत. पूर्वी मी खोलीत आले की बाया गोर बोलीत शिरायच्या. आता तिथं लपता येत नव्हतं, म्हणून त्या नुसत्या गप्प व्हायच्या. दीर आणि याडी ओट्यावर बोलत असले आणि मी चहा घेऊन गेले की एकदम तुरीचा भाव निघायचा. मी परत वळले की आवाज पुन्हा खाली. तुरीचा भाव इतका वेळा निघाला की व्यापाऱ्याला कंटाळा यावा.

एका शनिवारी दीर स्वयंपाकघरात आला. तो कधी येत नाही. गोड आवाजात म्हणाला, "वयनी, उद्या आपण पडक्या ठाण्याच्या मागून माल काढू. कोणाले बोलू नका, दादालेही नाही." मी म्हटलं बरं. रविवारी ऐनवेळी त्यानं बेत फिरवला, दुसऱ्याच वाटेनं जाऊ म्हणाला. मीच हुकूम दिले. लाल ताफा त्या दुसऱ्या वाटेवरच भेटला. पडक्या ठाण्याकडं त्यांचं एकही जहाज फिरकलं नाही. दीर माझ्याकडं बघत होता, पडद्याकडं नाही. काहीतरी शिजतंय एवढं मला कळलं.

काय शिजत होतं ते नवऱ्यानं आर्णीच्या बाजाराला जाताना गाडीवर सांगितलं. पडकं ठाणं हा सापळा होता. लाल ताफा तिथं गेला असता तर फितूर मी.

"मंग गेला का तिथं?" मी विचारलं.

"नाई."

"म्हंजे मी सुटली."

त्यानं गाडी हळू केली. मग म्हणाला, "तो म्हणते, तुले डाव समजला. म्हणून तू ते सांगितलंच नाई. आन् खरा रस्ता ऐनवेळी मोबाईलवर कळवला."

म्हणजे ते तिथं गेले असते तरी मी चोर, गेले नाहीत तरी मी चोर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आन् तुले काय वाटते?" मी विचारलं.

"मले कायले विचारतं? मी नाई पडत कोणाच्या मधात."

"थांबव गाडी," मी म्हटलं. त्यानं थांबवली. मी पिशवी घेऊन उतरले आणि बाजारापर्यंत पायी गेले. तो गाडी हळूहळू चालवत माझ्या बाजूनं येत होता आणि लोक आमच्याकडं बघत होते. बघू दे. सापळ्याचं त्याला आधीपासून माहीत होतं, आणि माझ्याकडून ताटात भाजी वाढून घेताना तो काही बोलला नव्हता. दिराचा मला राग आला. नवऱ्याचं वाईट वाटलं, आणि ते जास्त लागलं.

त्यात दिराची सगाई ठरली. आमच्या घरची रीत अशी की मुलीच्या तांड्यावर गूळ वाटायला जातात तेव्हा गुळाचं ताट थोरल्या सुनेच्या हातात असतं. ताट धरणारी बाई कोण आहे हे तिकडं विचारायला लागत नाही, ती घरची. आणि थोरली सून असताना ताट दुसरीच्या हातात दिसलं, तर तेही विचारायला लागत नाही. इतकी वर्षं मी या ताटाची वाट बघत होते असं म्हटलं तर माहेरचे हसतील. पण बघत होते. हे ताट एकदा हातात आलं असतं, तर मला कोर म्हणायची कोणाची छाती झाली नसती.

याडी मला म्हणाल्या, तू घर सांभाळ, वेचणीच्या बाया येतील. मी म्हटलं, सगाईच्या दिवशी वेचणी कोण लावतं? त्या चुलीकडं वळल्या. ताटासाठी उमरखेडहून चुलत नणंदेला बोलावल्याचं मला शेजारणीनं सांगितलं. कारणही तिनंच सांगितलं. सगाईत देण्याघेण्याच्या गोष्टी निघतात, आणि या घरातलं बाहेर जातं, असं याडी तिच्याजवळ बोलल्या होत्या. मला रडू आलं नाही. मी त्या दिवशी इतकी भांडी आपटली की शेवटी नवरा उठून बाहेर गेला.

सगाईच्या आदल्या दिवशी रविवार होता. दिरानं परस्पर सांगितलं की आज हुकूम तो देणार, आणि माझ्या जागी त्याचा कुणी मित्र ऑनलाइन येणार.  माझा मोबाईल बंद करून त्याच्या कॉम्प्युटरपुढं ठेवला आणि म्हटलं, "हा घ्या. पाह्यजे तं कुलपात ठेवा." मग मागच्या अंगणात तूर निवडत बसले. आतून सगळं ऐकू येत होतं. मित्राचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून दिरानं स्पीकरचा आवाज मोठा केला होता. दीर माझ्यासारखाच ओरडत होता, डावो, डावो. आणि थोड्या वेळानं शिव्या. लाल ताफा डावीकडंच होता.

दीर मागच्या दारात आला. त्यानं माझ्या मांडीवरचं सूप बघितलं, माझे हात बघितले, पदराकडंसुद्धा बघितलं.

"दिसला का दुसरा फोन?" मी विचारलं.

तो वळून आत गेला.  सूप उचलून त्याच्या पाठीत घालावं असं वाटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तेवढ्यात पुढच्या खोलीत स्पीकरवर एक परका माणूस हसला. आणि गोर बोलीत बोलायला लागला. मी सूप टाकून उठले आणि मधल्या दारात जाऊन उभी राहिले. तो म्हणत होता, अरे भिया, डावीकडं वळतो म्हणून ओरडून सांगतोस आणि डावीकडंच वळतोस. तुमची ती नायकण बरी होती, ती ऐनवेळी फिरवायची तरी. "कत गी नायकण?" कुठं गेली म्हणे.

 पडद्यावर आमची जहाजं एकेक करून जळत होती.

"तू गोर छी कांई?" दिरानं शेवटी विचारलं.

तर तो गोरच होता. लाल ताफ्याचा हुकूम देणारा, आदिलाबादच्या पलीकडच्या तांड्यातला, नोकरीला हैदराबादेत. पहिल्या रविवारपासून आमचा शब्दन् शब्द त्याला कळत होता. त्याला वाटलं, त्याला कळतं हे आम्हाला माहीत आहे आणि तरी आम्ही छाती ठोकून सांगतोय. या लोकांची हिंमत मोठी, असं तो आपल्या गड्यांना सांगायचा.

माझा हा दीर समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात माईक हातात घेऊन सांगतो की गोर देशभर पसरलेला आहे, कुठल्याही मुलखात जा, बोली एकच. आमचे निम्मे सोयरे पैनगंगेपलीकडं, तेलंगणात आहेत. सगाईसुद्धा तिकडंच होती. आणि तरी आम्हा पाचांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की समोर गोर असू शकतो. माझ्याही नाही. शत्रू म्हटला की तो कोरच असणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

मग त्यानं रीतीप्रमाणं गोत विचारलं, पाडा विचारला, म्हणजे कुळाची कुठली शाखा. दिरानं सांगितलं. याडी आवाज ऐकून आल्या होत्या, त्यांनी त्यांच्या माहेरचं सांगितलं. निघालं असं की त्याचा पाडा याडींच्या माहेरचा. तो लगेच याडींना फूफी म्हणायला लागला, म्हणजे आत्या. याडी खुर्ची ओढून बसल्या आणि त्याला रागवायला लागल्या, की आत्याच्या घरची जहाजं जाळतोस, लाज नाही वाटत? सगळे हसत होते. दीर सगळ्यात मोठ्यानं. माझा नवरासुद्धा. मी दारात उभी होते आणि एकानंही मागं वळून बघितलं नाही.

मग त्या माणसानं पुन्हा विचारलं, नायकण कुठल्या तांड्याची? तिचं बोलणं आमच्या म्हाताऱ्या आजीसारखं आहे, आता तसं कोणी बोलत नाही. ते शब्द याडींचेच होते, तुरीच्या सुपावरून उचललेले. हसणं थांबलं. दीर घाईघाईनं म्हणाला, घरचीच आहे. आणि तेव्हा कुठं तो माझ्याकडं वळला. "या ना वयनी, बसा. तुमच्याशी बोलायचं म्हणते."

मी बसले नाही.

स्पीकर बंद झाल्यावर दिरानं माझा मोबाईल दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. "झालं गेलं सोडा आता," तो म्हणाला. नवरा म्हणाला, "मी म्हणतच होतो." काय म्हणत होता कोण जाणे. याडी म्हणाल्या, उद्याची साडी काढून ठेव, ताट तुझ्याकडंच राहील, चुलत नणंदेला मी सांगते.

मी मोबाईल घेतला. माझ्या तोंडातून गोर बोलीतच निघालं, दुसरं काही सुचलं नाही. मी विचारलं, "आणि तो बोलला नसता तर?"

दीर कॉम्प्युटरची वायर गुंडाळायला लागला. नवरा पायांकडं बघत होता. याडी मात्र माझ्याकडं सरळ बघत होत्या. त्या आयुष्यात कधी गुळमुळीत बोलल्या नाहीत, आणि आताही बोलल्या नाहीत.

"तर तू उद्या घरी राहिली असतीस," त्या म्हणाल्या.

मी साडी काढली. दुसऱ्या दिवशी पैनगंगा ओलांडून गेलो. ताट माझ्या हातात होतं आणि बाया मला नायकण म्हणून हसून जागा देत होत्या, कारण ती गोष्ट आमच्याआधी तिथं पोचली होती. मी प्रत्येकीच्या हातावर गूळ ठेवत गेले. कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी ताट घेऊन त्यांच्याकडं वळले तशा त्या गप्प झाल्या, आणि त्या नुसत्या गूळ घ्यायला थांबल्या की मी कोर म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.